सरावाचे गुण आणि नीटचे गुण

वैद्यकीय प्रवेशासाठीची 'नीट' वर्षातून एकदा, सगळ्या देशात एकाच दुपारी आणि कागदावर होते. तिच्या आधीच्या दीड-दोन वर्षांत तयारी करणारा विद्यार्थी मात्र तिच्यासारख्या दिसणाऱ्या कितीतरी परीक्षा देऊन बसलेला असतो. क्लासची रविवारची टेस्ट असते, डिसेंबरनंतर विकत घेतलेली टेस्ट सिरीज असते, एप्रिलमध्ये एकामागून एक येणाऱ्या ग्रँड टेस्ट असतात आणि मोबाइलवर अर्ध्या रात्री सोडवलेले मॉक असतात. सगळ्यांचा साचा सारखाच : १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास, बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक. साचा सारखा म्हणून मापही सारखे, असे घराघरात धरून चालतात. एप्रिलच्या टेस्टमध्ये ६४० पडले तर मेमध्ये दहा-वीस इकडे-तिकडे, हा हिशेब आई-वडील मनात मांडून ठेवतात आणि त्यावर कॉलेजची नावेही ठरवून टाकतात. हा हिशेब मुळातच चुकीच्या पायावर उभा आहे.

महाराष्ट्रात या हिशेबाची सवय बोर्डाच्या परीक्षेने लावली. दहावी-बारावीची प्रिलिम आणि बोर्डाची परीक्षा यांच्यात खरोखरच नाते होते. प्रश्नपत्रिकेचा आराखडा ठरलेला, पाठ्यपुस्तक एकच, आणि प्रिलिमचा पेपर काढणारे व तपासणारे शिक्षकच पुष्कळदा बोर्डाचेही पेपर तपासणारे. प्रिलिमला हात आखडता, बोर्डाला जरा सैल, एवढा फरक धरला की अंदाज बहुधा जुळायचा. लातूरमध्ये राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात जी पद्धत आकाराला आली आणि पुढे 'लातूर पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजली, तिचा कणाच वारंवार घेतलेल्या चाचण्या हा होता. बोर्डाच्या गुणवत्ता यादीसाठी ती पद्धत चपखल बसली. राज्याची स्वतःची सीईटी होती तेव्हाही फारसे बिघडले नाही. २०१२ पर्यंतच्या त्या परीक्षेत २०० प्रश्न होते, अभ्यासक्रम राज्य मंडळाचा होता आणि चुकीच्या उत्तराला उणे गुण नव्हते. सरावाचा पेपर आणि खरा पेपर एकाच पाठ्यपुस्तकातून निघत होते.

नीटने हे नाते तोडले. पहिली नीट ५ मे २०१३ रोजी झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली, एप्रिल २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला, आणि मग एका अध्यादेशाने राज्यांना त्या वर्षापुरती सवलत मिळाली. हा गोंधळ संपेपर्यंत महाराष्ट्रातील मुलांच्या हातातली पुस्तके बदलली होती. राज्य मंडळाच्या पुस्तकांच्या जागी एनसीईआरटी आले, उणे गुण आले आणि स्पर्धकांची संख्या काही पटींनी वाढली. २०१९ पासून ही परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, घेते. पेपर कोण काढते हे बाहेर कोणालाच माहीत नसते. त्यामुळे सरावाचा पेपर काढणाऱ्याच्या हातात मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि आपला अंदाज यापलीकडे काही नसते. सरावाची प्रत्येक चाचणी ही कालच्या परीक्षेची नक्कल असते. उद्याचा पेपर तिला माहीत नसतो.

दोन मे महिने

ही गोष्ट २०२४ आणि २०२५ ही दोन वर्षे शेजारी ठेवली की स्पष्ट दिसते.

५ मे २०२४ रोजी सुमारे २३ लाख ३३ हजार विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली. पेपर सोपा होता. पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण मिळाले होते. काही केंद्रांवर वेळ वाया गेल्याबद्दल १,५६३ जणांना वाढीव गुण दिले गेले होते. ते नंतर काढून घेण्यात आले आणि त्यांच्यासाठी २३ जून रोजी फेरपरीक्षा झाली. तिला ८१३ जण बसले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन पर्याय बरोबर धरले गेले होते, कारण एनसीईआरटीच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीतील मजकूर वेगळा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांनी त्यातला एकच पर्याय बरोबर ठरवला. दुसरा पर्याय निवडलेल्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे पाच-पाच गुण गेले आणि पूर्ण गुण मिळवणारे १७ उरले. एवढी काटछाट होऊनही ६५० किंवा त्याहून अधिक गुण असलेले सुमारे तीस हजार विद्यार्थी होते.

४ मे २०२५ रोजी २२ लाखांहून थोडे अधिक विद्यार्थी बसले. भौतिकशास्त्राचा भाग लांबलचक आणि अवघड निघाला. देशात सर्वाधिक गुण ६८६ होते, आणि ६५० च्या वर गेलेले अवघे ७३.

तीस हजार आणि त्र्याहत्तर. एका वर्षात देशातली मुले इतकी ढ झाली नव्हती, मोजण्याची पट्टी बदलली होती. जून २०२४ नंतर बाजारात आलेली बहुतेक सराव-पुस्तके आणि टेस्ट सिरीज २०२४ च्या पेपरवर बेतलेल्या होत्या. त्यांत ६७०-६८० मिळवत राहिलेला मुलगा ४ मेच्या संध्याकाळी ५६० चा अंदाज घेऊन घरी आला तेव्हा घरात सुतक पडल्यासारखे झाले. त्याच्यापेक्षा वरचे हजारो जणही तितकेच खाली आले आहेत, हे त्या रात्री त्याला सांगणारे कोणी नव्हते. निकाल लागायला १४ जून उजाडला. मधले सहा आठवडे अनेक मुलांनी स्वतःला नापास समजून काढले, आणि त्यांच्यातल्या कित्येकांची गुणवत्ता यादीतली जागा त्यांच्या कल्पनेपेक्षा बरीच वर होती. सरावाच्या गुणांना भाकीत समजण्याची किंमत अशी मोजावी लागते.

ही घसरण सगळ्यांना सारखी बसली नाही, हेही नोंदवायला हवे. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची मर्यादा, म्हणजे ५० पर्सेंटाइलचे गुण, २०२४ मध्ये सुधारित निकालानंतर १६२ होते. २०२५ मध्ये ते १४४ झाले. म्हणजे मधल्या विद्यार्थ्याचे अठरा गुण गेले, तर वरच्या टोकाला शंभरच्या आसपास. अवघड पेपर सगळ्यांच्या गुणांतून सारखी रक्कम वजा करत नाही. त्यामुळे 'यंदा पेपर कठीण होता, म्हणून सरावातून सत्तर वजा करा' असे एकच सूत्र सगळ्यांना लागू होऊ शकत नाही.

साचाही स्थिर राहिलेला नाही. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत पेपरमध्ये २०० प्रश्न असत. प्रत्येक विषयाच्या 'ब' विभागातील पंधरांपैकी कोणतेही दहा सोडवायचे असल्यामुळे एकूण १८० होत. २०२२ पासून वेळही २०० मिनिटे होती. जानेवारी २०२५ मध्ये एनटीएने जाहीर केले की निवडीची मुभा आणि जादा वीस मिनिटे दोन्ही बंद. परीक्षेला तीन-साडेतीन महिने राहिले असताना सरावाची जुनी घडी एका दिवसात निरुपयोगी झाली. ज्यांनी त्यानंतरही आधीच्या वर्षीच्या सिरीजमधले पेपर २०० मिनिटांत सोडवले, त्यांनी दुसऱ्याच परीक्षेचा सराव केला.

अभ्यासक्रमाचेही तसेच. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नवा अभ्यासक्रम जाहीर केला. त्यातून स्थायू अवस्था, पृष्ठभाग रसायनशास्त्र, बहुवारिके, वनस्पतींतील वहन, खनिज पोषण यांसारखी प्रकरणे गळली, आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रात प्रयोगांवर आधारित भाग वाढला. तरीही जुन्या सराव-संचांत गळलेल्या प्रकरणांवरचे प्रश्न सर्रास सापडतात. अशा पेपरात कमी पडलेले वीस गुण काहीच सांगत नाहीत, आणि जास्त पडलेले वीसही नाहीत.

बरोबरी कशाची करायची

सराव आणि खरी परीक्षा यांचे गुण एकमेकांशी ताडता यावेत अशी व्यवस्था करता येते. अमेरिकेतील वैद्यकीय प्रवेशाची एमकॅट ही परीक्षा हे त्याचे चांगले उदाहरण. तिथे वर्षभरात अनेक तारखांना परीक्षा होते, आणि प्रत्येक पेपरची काठिण्यपातळी लक्षात घेऊन कच्च्या गुणांचे ४७२ ते ५२८ या ठरलेल्या पट्टीत रूपांतर होते. परीक्षा घेणारी संघटनाच सरावाचे अधिकृत पेपर विकते आणि त्यांचे गुण त्याच पट्टीत देते. शिवाय खऱ्या परीक्षेच्या एकूण गुणांभोवती दोन गुणांची अनिश्चितता ती स्वतःच जाहीर करते. ५१० म्हणजे ५०८ ते ५१२, असे तिथे अधिकृतपणे सांगितले जाते.

नीटमध्ये असे रूपांतर नाही. सगळे एकाच दिवशी एकच पेपर देतात, म्हणून त्या वर्षापुरते कच्चे गुण आपापसांत ताडता येतात. एका वर्षाचे गुण दुसऱ्या वर्षाच्या गुणांशी, किंवा एखाद्या क्लासच्या पेपरातील गुणांशी, ताडायला कोणताही पूल नाही. एनटीएने मे २०२० मध्ये 'नॅशनल टेस्ट अभ्यास' हे ॲप काढले. पुढे आयआयटी कानपूरच्या मदतीने 'साथी' हा मोफत उपक्रमही सुरू झाला. दोन्ही उपयोगी आहेत, विशेषतः क्लासची फी न परवडणाऱ्यांना. पण त्यांतल्या गुणांनाही खऱ्या परीक्षेच्या गुणांशी बांधलेले नाही.

मग क्रमांकाची तुलना करावी, असे वाटेल. ते गुणांपेक्षा नक्कीच बरे, पण टेस्ट सिरीजचा 'ऑल इंडिया रँक' ज्यांनी ती सिरीज विकत घेतली त्यांच्यातलाच असतो. एखाद्या महागड्या सिरीजला गंभीर मुले अधिक बसतात आणि तिथला क्रमांक खराखुरा मागे दिसतो. फुकट मॉकला सहज बघायला आलेलेही बसतात आणि तिथला क्रमांक फसवा पुढे दिसतो. शिवाय एका क्लासमध्ये शिकलेल्या मुलांनी त्याच प्रश्नसंचातले प्रश्न आधी कुठेतरी पाहिलेले असतात. मागच्या नीटमधले प्रश्न थोडा आकडा बदलून सरावात येतात. ओळखीचा प्रश्न सुटला की तो समजला असे वाटते, प्रत्यक्षात तो आठवलेला असतो. खऱ्या पेपरातला प्रश्न अशी ओळख दाखवत नाही.

क्लासचालकांच्या बाजूनेही ओढ असते. पेपर अवघड काढला तर 'आमची टेस्ट नीटपेक्षा कडक' असे सांगता येते. सोपा काढला तर पालक खूश राहतात आणि पुढच्या वर्षीची नोंदणी वाढते. प्रामाणिक पेपर काढणारे शिक्षक आहेत आणि त्यांच्यामुळेच ही व्यवस्था चालते. पण चाचणी मोजण्यासाठी घेतली जाते की विकण्यासाठी, याचा परिणाम तिच्या गुणांवर होतोच.

नशिबाचे गुण

पेपर अगदी सारखा काढला, मुलगाही तोच राहिला, तरी गुण हलतात. ते किती हलतात याचा अंदाज साध्या गणिताने येतो.

समजा एका विद्यार्थिनीला १०० प्रश्न खात्रीने येतात. आणखी ६० प्रश्नांत ती चारांपैकी दोन पर्याय बाद करू शकते आणि उरलेल्या दोनांतला एक निवडते. वीस प्रश्न ती सोडून देते. खात्रीचे ४०० गुण तिचे झाले. साठ प्रश्नांत सरासरी तीस बरोबर आणि तीस चूक धरले तर १२० मिळतात आणि ३० जातात, म्हणजे ९०. एकूण ४९०. पण साठ वेळा नाणे उडवले तर दर वेळी नेमके तीस छापे पडत नाहीत. संभाव्यतेच्या नियमानुसार तिचे गुण चारांतून साधारण तीनदा ४७० ते ५१० या पट्ट्यात येतील, आणि एकदा त्याच्याही बाहेर जातील. या काळात ती तसूभरही हुशार झालेली नसेल की मागे पडलेली नसेल. एका रविवारी ४६५ आणि पुढच्या रविवारी ५१५ पडले की घरात आधी रडारड आणि मग पेढे होतात. दोन्ही वेळा अभ्यास तेवढाच होता.

म्हणून एका चाचणीचे गुण पाहण्यापेक्षा पाच-सहा चाचण्यांची सरासरी पाहणे शहाणपणाचे. आणि त्याहून उपयोगी म्हणजे पेपर सोडवतानाच ज्या उत्तरांबद्दल खात्री नाही त्यांपुढे खूण करून ठेवणे. तपासताना खात्रीच्या प्रश्नांचे गुण वेगळे आणि अंदाजाचे वेगळे काढले की दोन आकडे हाती येतात. पहिला आकडा अभ्यासाबरोबर वाढत जातो आणि सहसा मागे येत नाही. दुसरा दर आठवड्याला उड्या मारतो. पालकांनी विचारायचाच असेल तर पहिला विचारावा.

अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, हाही या गणिताचाच भाग आहे. काहीही माहीत नसताना चारांतून एक निवडला तर सरासरी पाव गुण मिळतो. एक पर्याय बाद करता आला तर दोन तृतीयांश, दोन बाद झाले तर दीड. म्हणजे उणे गुणांची जेवढी धास्ती घेतली जाते तेवढी सरासरीच्या हिशेबाने खरी नाही. पण आंधळ्या अंदाजातला पाव गुण वीस प्रश्नांत सरासरी अवघा पाच होतो, आणि चढउतार त्याच्या दुप्पट. सरावात काही पणाला नसते, म्हणून मुले बिनधास्त ठोकतात. खऱ्या परीक्षेत हात आखडतो आणि दीड गुणांच्या आशेचे प्रश्नही कोरे राहतात. सरावात ठरवलेला नियम परीक्षेत पाळला न जाणे, हे गुणांतील तफावतीचे एक मोठे कारण आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते.

वर्गखोलीतले तीन तास

खरी परीक्षा दुपारी दोन ते पाच असते. दीडला केंद्राचे दार बंद होते, त्यामुळे अकरा-साडेअकरापासून रांग लागते. विदर्भ-मराठवाड्यात मेच्या पहिल्या आठवड्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. अकोल्यात किंवा नांदेडमध्ये केंद्राबाहेर तासभर उभे राहून आत गेलेला मुलगा आणि वातानुकूलित हॉलमध्ये सकाळी नऊला टेस्टला बसलेला तोच मुलगा, यांच्या अंगातले त्राण सारखे नसते. जेवणाची वेळ चुकलेली असते किंवा भरपेट जेवल्याने डोळे जड झालेले असतात. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी उशिरा उठणाऱ्या मुलांची तर ही वेळ अंगवळणी पडलेलीच नसते.

आत जाताना झडती होते. पूर्ण बाह्यांचे कपडे चालत नाहीत, बूट चालत नाहीत, कानातले-चमकी काढून ठेवावे लागते. घड्याळही चालत नाही. ही गोष्ट लहान वाटते, पण वर्षभर मनगटाकडे पाहून पेपर सोडवलेल्या मुलाला भिंतीवरच्या घड्याळाचा अंदाज घेत बसावे लागते, आणि ते त्याच्या पाठीमागे असले तर आणखीच. पेन केंद्रावर मिळते तेच वापरायचे. पेपर रंगात आला असताना पर्यवेक्षक सही आणि अंगठ्याच्या ठशासाठी येतात, फोटो तपासतात. सरावाच्या टेस्टमध्ये असे मध्येच कोणी थांबवत नाही. २०२५ मध्ये इंदूर आणि उज्जैनमध्ये परीक्षेदरम्यान वादळी पावसाने वीज गेली आणि अंधुक उजेडात पेपर लिहावा लागल्याची तक्रार मुले न्यायालयात घेऊन गेली. एकल न्यायाधीशांनी फेरपरीक्षेचा आदेश दिला, खंडपीठाने तो रद्द केला.

सगळ्यात जास्त फरक करते ती उत्तरपत्रिका. जेईई मेन आणि राज्याची सीईटी संगणकावर गेल्या, नीट २०२५ पर्यंत कागद आणि ओएमआरवरच राहिली. बॉलपेनने गोल काळा करायचा आणि तो खोडता येत नाही. एका गोलाला चार सेकंद धरले तरी १८० गोलांना बारा मिनिटे लागतात. १८० मिनिटांतून ती वजा केली की प्रश्नाला सरासरी ५६ सेकंद उरतात. मोबाइलवर पर्यायाला बोट लावून सोडवलेल्या मॉकमध्ये ही बारा मिनिटे हिशेबातच नसतात, चुकलेला पर्याय बदलता येतो आणि एक प्रश्न सोडला म्हणून पुढचे सगळे गोल एक घर सरकण्याची भीती नसते. स्क्रीनवरचा ६०० आणि ओएमआरवरचा ६०० म्हणूनच एका पारड्यात घालता येत नाही. बऱ्याच ठिकाणी मुले शेवटच्या दहा मिनिटांत सगळे गोल एकदम भरायची सवय लावून घेतात. सरावात ती खपते, खऱ्या परीक्षेत शेवटची घंटा झाल्यावर अर्धे पान कोरे राहिल्याचे दुःख पदरी येते. प्रत्येक पान उलटताना त्या पानाचे गोल भरून टाकणे हीच खात्रीची पद्धत, आणि ती अंगात मुरायला ओएमआरच्या कागदावरच सराव करावा लागतो. हे कागद छापून घ्यायला फारसा खर्च येत नाही.

भीतीचा वाटा वेगळा. ताण आला की एका वेळी मनात चार गोष्टी धरून ठेवण्याची क्षमता कमी होते, आणि भौतिकशास्त्राच्या दोन-तीन पायऱ्यांच्या उदाहरणांना नेमकी तीच लागते. पाठ असलेले जीवशास्त्र त्यामानाने शाबूत राहते. शिकागो विद्यापीठातील जेरार्डो रामिरेझ आणि सियान बायलॉक यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, परीक्षेआधी दहा मिनिटे आपली धास्ती कागदावर लिहून काढलेल्या घाबरट विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारलेली आढळली. नीटच्या दिवशी केंद्रात कागद नेता येत नाही, पण सकाळी घरी किंवा लॉजवर बसून हे करायला काही अडचण नाही.

भाषेचा प्रश्न महाराष्ट्रापुरता मोठा आहे. नीट तेरा भाषांत होते, त्यांत मराठी आहे. मराठी निवडणाऱ्यांना द्विभाषिक पुस्तिका मिळते, आणि भाषांतरात शंका आल्यास इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. तरीही मराठीतून परीक्षा देणारे फारच थोडे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीला इंग्रजीत गेलेली मुले इंग्रजीच निवडतात, कारण सरावाचे चांगले पेपर जवळपास सगळे इंग्रजीत आहेत. विधान आणि कारण, दोन विधानांपैकी कोणते बरोबर, जोड्या लावा, असे लांब वाचायला लावणारे प्रश्न अलीकडच्या वर्षांत वाढले आहेत. त्यांत या मुलांचा वेळ वाचनात जातो. चार ओळींचा छोटा प्रश्न विचारणाऱ्या सराव पेपरात ही अडचण दिसतच नाही आणि शिक्षकांना ती विषयातली कच्ची बाजू वाटते.

सराव कशासाठी

एवढे सगळे असूनही सराव चाचण्या सोडून चालणार नाही. गुण सांगण्यात त्या कच्च्या आहेत, शिकवण्यात मात्र त्यांच्या तोडीचे दुसरे साधन सापडणे कठीण. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात केलेला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रे न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवत होते, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांचे ४० टक्क्यांवर आले आणि लिहिणाऱ्यांचे ६१ टक्के टिकले. पुस्तक पिवळ्या शाईने रंगवून चौथ्यांदा वाचताना जी खात्री वाटते ती पाच मिनिटांची असते.

या प्रयोगात पर्याय दिलेले नव्हते, मनातून आठवून लिहायचे होते. पर्याय समोर असले की मेंदूला तेवढा ताण पडत नाही. म्हणून पर्याय झाकून आधी उत्तर मनात आणणे, मग पर्याय पाहणे ही जुन्या शिक्षकांची शिस्त आजही लाखमोलाची आहे. आणि चाचणीनंतरचे दोन तास चाचणीच्या तीन तासांइतकेच महत्त्वाचे असतात. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहावे लागते : संकल्पनाच माहीत नव्हती, माहीत होती पण आठवली नाही, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड चुकली, गोल चुकला, वेळ संपला. मुले या सगळ्याला 'सिली मिस्टेक' म्हणून एकाच पोत्यात कोंबतात आणि पुढच्या रविवारी त्याच चुका करतात. 'नाही' हा शब्द न वाचल्यामुळे चुकलेले प्रश्न सहा चाचण्यांत मिळून किती झाले हे मोजून पाहिले की त्याला सिली म्हणवत नाही. चुकांचे हे वर्गीकरण पेपरच्या काठिण्याने फारसे बदलत नाही, म्हणूनच सरावातून खऱ्या परीक्षेकडे नेता येते.

निकालानंतरची तुलना

परीक्षेनंतर एनटीए उत्तरपत्रिकेची प्रतिमा आणि तात्पुरती उत्तरतालिका जाहीर करते. एखाद्या उत्तराला आक्षेप घ्यायचा तर प्रत्येक प्रश्नाला २०० रुपये भरावे लागतात. घरी बसून प्रत्येक प्रश्न पडताळण्याची हीच खरी संधी असते, आणि या पडताळणीतून वर्षभराच्या सरावाची तुलना प्रथमच योग्य रीतीने करता येते. खऱ्या पेपरात कोणत्या कारणाने किती गुण गेले, आणि सरावाच्या चुकांच्या वहीत त्याच कारणांचे प्रमाण किती होते, एवढे शेजारी मांडले की पुरे.

पुन्हा एक वर्ष द्यायचे की नाही, हा निर्णय बहुतेक घरांत याच काळात होतो. वयाची कमाल मर्यादा २०२२ मध्ये उठली आणि प्रयत्नांवर बंधन नाही, त्यामुळे रिपीटर बॅचला तोटा नसतो. पण हा निर्णय सरावातले ६४० आणि नीटमधले ५४० यांची वजाबाकी करून घेतला जातो, आणि ती वजाबाकी निरर्थक आहे. मागच्या वर्षीचा कटऑफ गुणांत पाहणेही तसेच. २०२४ मधले कटऑफचे गुण २०२५ मध्ये कोणाच्याच उपयोगाचे उरले नव्हते. पाहायचा तो क्रमांक : १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी देशातला, आणि उरलेल्या राज्याच्या कोट्यासाठी राज्य सीईटी कक्षाच्या गुणवत्ता यादीतला, आपल्या प्रवर्गासह. मागच्या दोन-तीन वर्षांत कोणत्या कॉलेजची शेवटची जागा कोणत्या क्रमांकाला गेली हे जाहीर असते. जागांची संख्या वाढली असेल तर तो क्रमांक थोडा मागे सरकतो.

क्रमांक अपेक्षेच्या जवळ आणि गुण दूर असतील, तर तफावत पेपरची आहे आणि वर्ष वाया घालवण्याचे कारण नाही. क्रमांकही दूर असेल तर चुकांची वही उघडावी. संकल्पना न आल्यामुळे झालेल्या चुकांचे प्रमाण मोठे असेल तर एका वर्षाच्या अभ्यासाने ते भरून निघू शकते. गोल, वेळ, वाचन आणि धास्ती यांत गुण गेले असतील तर त्याच नोट्सची आणखी एक पारायण करून उपयोग नाही. दुपारी दोन वाजता, मनगटावर घड्याळ न बांधता, ओएमआरच्या कागदावर आणि अनोळखी जागी बसून दिलेल्या चाचण्यांनीच त्या दुखण्यावर इलाज होतो.